खालून काप

विश्वामित्रीवर धुकं उतरलं होतं, असं मी सुरू केलं.
रणदिवेंनी चष्मा कपाळावर सरकवला.
नदी मेली का?
नाही.
मग ती पहिल्या ओळीत काय करते आहे?

दिवाळीला आठ दिवस होते,
रावपुऱ्यातल्या आमच्या जिन्यात शाईचा
आणि खालच्या फाफड्यांचा वास
(हेही त्यांनी काढलं असतं).

मग मी लिहिलं:
पाणीगेटजवळ गटाराच्या चेंबरमध्ये उतरलेले
सफाई कामगार यशवंत सोलंकी, वय ३४,
मंगळवारी सकाळी मरण पावले.
कोण, काय, कुठे, कधी. चार क एका दमात,
विडीच्या बंडलासारखे दोऱ्यानं बांधलेले.
हं, म्हणाले ते. आता कसे?
विषारी वायूनं गुदमरून.
कुणी सांगितलं?
सगळेच म्हणत होते.
सगळ्यांना आडनाव असतं, जा, विचारून ये.

इस्पितळात एका डॉक्टरनं
चालता चालता मान हलवली.
ती मान वाक्यात बसेना.
फौजदार म्हणाला, प्राथमिक अंदाज.
तेवढं घेऊन आले.

'दुर्दैवी' त्यांनी खोडलं.
'काळाने घाला घातला' वर स्टीलची पट्टी आपटली,
झुरळ मारल्यासारखी.
घरात कुणी गेलं तर फोनवर काय सांगतेस?
आधी, गेले. मग कधी. मग कसे.
सकाळी दूध नासलं होतं, हे शेवटी,
कुणी विचारलं तर.
तसंच लिही, जड ते वर.
रात्री जाहिरात येते, अल्ताफ ब्लेड घेतो
आणि खालून कापतो. तो वाचत बसत नाही.

'का'ला अर्धी ओळ पुरली:
चौकशी सुरू आहे.

साडेदहाला जाहिरात आलीच. मांडवीचा सराफ,
तीन कॉलम, तोडे आणि नथ.
अल्ताफनं ब्रोमाइडची शेपटी उडवली.
बातमी तरीही पुरी होती. मला ते आवडलं,
आणि आवडल्याचं आवडलं नाही.

गुरुवारी एक बाई जिना चढून आली, सोबत दीर.
हातात आमचं पान, चार घड्यांचं;
दुसऱ्या कुणी बातमी छापलीच नव्हती.
मी खुर्ची दिली. ती बसली नाही.
लिहिण्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं.
यशवंत नाही, म्हणाली ती, जशवंत.
कचेरीतल्या साहेबानं कात्रण परत दिलं,
म्हणाला, हा तर दुसराच कुणीतरी मेला.

यशवंत मला कुणीच सांगितलं नव्हतं.
मी ऐकलं होतं जशवंत,
आणि वाटेत, दांडिया बाजारच्या आसपास कुठेतरी,
माझ्याच हातानं त्याचे हातपाय धुऊन
त्याला आपल्यातला केला.

रणदिवे ओरडले नाहीत.
खुलासा मलाच लिहायला लावला,
पान सहा, साडेतीन ओळी,
आणि तिच्यासमोर बसून, एकेक अक्षर विचारून.
जहाजातला ज? मी म्हटलं.
तिनं दिराकडे पाहिलं.
जमिनीतला, ती म्हणाली.

अल्ताफनं उडवलेली शेपटी
टेबलाखाली सापडली होती, बोटभर रुंद,
एका कडेला गोंद वाळलेला.
ती अजून माझ्याकडे आहे.
जागा नसेल तर इथून खाली कापा.

चेंबरमध्ये उतरण्यापूर्वी त्यांनी शर्ट काढून,
उलटा करून, घडी घालून
कडुलिंबाच्या उंच फांदीवर ठेवला होता,
वास लागू नये म्हणून,
असे त्यांच्यासोबत काम करणारे
मगन परमार यांनी सांगितले.